हाताच्या मापाची गिटार

ब्लाउज शिवून घ्यायचा, दागिना घडवून घ्यायचा आणि देव्हारा सुताराकडे करायला टाकायचा, यात आपल्याकडे कुणाला नवल वाटत नाही. आपलं माप, आपली आवड आणि आपली ऐपत सांगायची, विसार द्यायचा आणि वाट पाहायची. पण वाद्य? ते आपण दुकानात जाऊन घेतो. भिंतीवर टांगलेल्या दहांपैकी एक उतरवायचं, दोन तारा छेडून पाहायच्या आणि पिशवीत घालून घरी आणायचं. आम्हीही असंच केलं असतं. पण आमच्या लेकीच्या हातानं आम्हाला दुसऱ्या वाटेनं नेलं.

आम्ही राहतो बंगळुरूच्या मारतहळ्ळीत. हळ्ळी म्हणजे खेडं, पण आता या भागाला खेडं म्हटलं तर लोक हसतील. रिंग रोडच्या कडेनं नामांकित कंपन्यांच्या कपड्यांची न् बुटांची फॅक्टरी दुकानं एकाला एक लागून आहेत. शहराच्या दुसऱ्या टोकाहून माणसं इथं खरेदीला येतात. सगळं तयार आणि सगळं मापांच्या ठरलेल्या आकड्यांत. अशा ठिकाणी राहून आम्ही एक गिटार करायला टाकली.

लेक नववीत असल्यापासून गिटार वाजवते. माझे सासरे, म्हणजे अण्णा, मूळचे मिरजेचे. ते पहाटे तंबोऱ्यावर षड्ज लावणार आणि संध्याकाळी नात गिटारवर इंग्रजी गाणी वाजवणार, असा आमच्या घरचा बेत. दोघांचं कधी वाजलं नाही. उलट अण्णा तिला म्हणायचे, “तुझं वाद्य सुरात लागलंय का ते आधी बघ, मग गाणं कुठल्या देशाचं ते बघू.”

२०२२ च्या सप्टेंबरात बंगळुरूत पावसानं कहर केला. रिंग रोड पाण्याखाली गेला होता, तो प्रकार वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचला असेल. त्याच पावसात लेकीची स्कूटर घसरली. जीव वाचला, पण डाव्या मनगटाचं हाड मोडलं. पट्टी आणि स्क्रू घालावे लागले. सहा आठवड्यांनी हात मोकळा झाला, व्यायाम सुरू झाले. हात कामाला लागला, पण मनगट पूर्वीसारखं वळेना आणि करंगळी पूर्वीइतकी ताणेना.

गिटारवर डावा हात तारा दाबतो. मानेच्या टोकाकडचे, म्हणजे खुंट्यांजवळचे पडदे सर्वांत लांब लांब असतात आणि नेमके तेच सर्वांत जास्त लागतात. पाच मिनिटं वाजवलं की तिचं मनगट ठणकायचं. हळूहळू पेटी पलंगाखाली गेली. विचारलं की म्हणायची, “वेळ कुठं असतो, आई?” चारचौघांत बसली की डावा हात ओढणीखाली ठेवायची. हे माझ्या लक्षात येत होतं, पण बोलायची सोय नव्हती.

वर्षभरानं तिच्या जुन्या शिक्षकांनीच सुचवलं, “आखूड मापाची गिटार बघा.” दुकानांत लहान गिटारी मिळतात. तिनं दोन-तीन वाजवून पाहिल्या. हात पोचत होता, पण एकीची मान तिच्या अंगठ्याला जाड आणि दुसरीचा आवाज तिला खेळण्यासारखा वाटला. तेव्हा शिक्षकांनी व्हाइटफील्डच्या पलीकडे एका शेडमध्ये गिटारी बनवणाऱ्या तरुणाचा पत्ता दिला. वर्षाला जेमतेम सात-आठ गिटारी करतो म्हणाले. किंमत ऐकून आमचे हे गप्पच झाले. ८५,००० रुपये! घराचे हप्ते चालू असताना, आणि मुलगी पुन्हा वाजवेल याची खात्री नसताना! “एवढ्यात परदेशी कंपनीची गिटार येईल, वर गॅरंटी,” असं यांचं म्हणणं, आणि त्यात चूक काही नव्हती. अण्णा एवढंच म्हणाले, “आधी माणूस बघून येऊ. काय विचारतो ते बघू.”

जानेवारी २०२४ मधल्या एका रविवारी आम्ही तिघं गेलो. पत्र्याची शेड, आत लाकडाचा वास, भिंतीला ओळीनं टांगलेल्या कानशी, पटाश्या आणि रंधे. अण्णांना कानडी उत्तम येतं, मिरजेकडची माणसं सीमेवरचीच. त्यामुळे दोघांची लगेच जमली. त्या तरुणानं किमतीचा विषयच काढला नाही. लेकीला विचारू लागला, काय वाजवतेस, बोटांनी की पत्तीनं, गाण्याच्या साथीला की नुसतंच, बसून की उभी राहून, किती वेळानं दुखतं, नेमकं कुठं दुखतं? शेवटी म्हणाला, “हात दाखव.”

लेकीनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग डावा हात ओढणीखालून काढून त्या रंध्याच्या टेबलावर ठेवला. त्यानं पट्टीनं पंजाची रुंदी घेतली, बोटं कितपत फाकतात ते मोजलं, मनगट कुठपर्यंत वळतं ते पाहिलं. व्रणाकडे पाहिलं न पाहिलं. शिंपी बाहीचं माप घेतो तितक्या सहजपणे सगळं वहीत लिहून घेतलं. परतताना गाडीत लेक बडबडत होती. गेल्या वर्षभरात मी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

त्यानं समजावलेला हिशेब वाचकांनाही सांगते. गिटारच्या वरच्या पट्टीपासून खालच्या घोडीपर्यंत मोकळी तार जितकी लांब, त्या प्रमाणात पडद्यांमधलं अंतर ठरतं. नेहमीच्या गिटारवर ही लांबी साडेपंचवीस इंचांच्या आसपास असते. ती साडेतेवीस केली, तर पहिल्या चार पडद्यांच्या पल्ल्यात जवळजवळ एक सेंटिमीटर वाचतो. शिवाय त्याच तारा त्याच सुरात लावल्या तर त्यांचा ताण साधारण सातव्या हिश्शानं कमी होतो, म्हणजे दाबायला जोरही कमी लागतो. “मग सगळेच आखूड का नाही करत?” मी विचारलं. तो म्हणाला, “आंटी, खर्जाचा भरदारपणा थोडा जातो. तो पोटाच्या आकारानं आणि आतल्या पट्ट्यांनी जमेल तितका भरून काढावा लागतो. पूर्ण भरून निघेल असं मी सांगत नाही.” हे शेवटचं वाक्य अण्णांना फार आवडलं.

घरी आल्यावर अण्णा यांना म्हणाले, “अरे, यात नवं काय आहे? मर्दानी तंबोरा आणि जनानी तंबोरा वेगळा असतोच की. बाईचा सूर उंच, म्हणून तिचा तंबोरा लहान. गळ्याप्रमाणे वाद्य करतात, तर हाताप्रमाणे का करू नये?”

अण्णांचं बालपण मिरजेच्या सतारमेकरांच्या शेजारात गेलेलं. ती हकीकत ते रंगवून सांगतात. हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वाद्यं करू लागली. त्यांत फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव आदरानं घेतात. भोपळे सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूरच्या बाजूनं यायचे. ते महिनोन् महिने वाळवायचे, बोटानं ठोकून पारखायचे. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई मिरजेत राहिले. गवयानं सांगावं आणि कारागिरानं घोडी घासून जवारी तशी काढून द्यावी, अशी तिथली रीत. आम्ही गिटारची वाट पाहत होतो त्याच वर्षी, २०२४ मध्ये, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अण्णांनी ती बातमी कापून ठेवली आहे.

गिटारच्या लाकडाचीही एक गोष्ट आहे. पुढची फळी परदेशी स्प्रूसची, तीन मिलिमीटरहूनही पातळ. मागची आणि कडेची बाजू मात्र आपल्या दक्षिणेकडच्या शिसवीची. पूर्वी उत्तम गिटारींना ब्राझीलची शिसव लागायची. ती दुर्मीळ होत गेली, तेव्हा १८३३ पासून गिटारी बनवणाऱ्या अमेरिकेच्या मार्टिन कंपनीनं १९६९ साली आपल्याकडची शिसव वापरायला घेतली. १९९२ मध्ये ब्राझिलियन शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीच आली. २०१७ मध्ये जगातल्या साऱ्या शिसवींवर परवान्याचे निर्बंध आले, आणि वादकांच्या अडचणी पाहून २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली. आपल्या आजीच्या घरी जी शिसवी कपाटं होती, त्यांचंच भावंड जगभरच्या गिटारींच्या पाठीला असतं, हे ऐकून मला उगीचच अभिमान वाटला.

शेवटी यांनी होकार दिला. एक तृतीयांश रक्कम आगाऊ, एक तृतीयांश पेटी जुळल्यावर, उरलेली हातात आल्यावर. माप, लाकूड, तारखा, सगळं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या. जूनअखेरचा वायदा.

मे महिन्यात त्याचा फोन आला. कडेची एक पट्टी गरम करून वाकवताना तडकली होती. “सांधली असती तर तुम्हाला दिसलीही नसती. पण मी नवी जोडी लावतो. त्यात पाऊस सुरू झालाय. हवेतला ओलावा लाकूड पितं. अशा वेळी सरस लावून जोडलं तर उन्हाळ्यात लाकूड आकसून भेगा पडतात. दोन महिने जास्त द्या.” यांचा पारा चढला. “पैसे परत माग त्याच्याकडे! आता दिवाळी म्हणेल, मग संक्रांत.” रात्री जेवणाच्या ताटावर वाद झाला. लेक उठून आत गेली. मला भीती पैशांची नव्हती. तिनं महत्प्रयासानं धरलेली आशा या दोन महिन्यांत विझेल, याची होती.

अण्णांनी हात धुतले आणि शांतपणे म्हणाले, “ज्यानं न दिसणारी भेग आपण होऊन सांगितली, त्याच्याकडे पैसे बुडत नसतात. सहा तारा मिळून त्या पेटीला सत्तर किलोंच्या आसपास ओढणार. आपली थोडी कमी ओढेल, एवढंच. आज सांधलेलं उद्या उघडं पडेल.” यांनी उत्तर दिलं नाही, पण फोनही केला नाही.

दरम्यान लेकीनं मनगटाचे सुटलेले व्यायाम पुन्हा सुरू केले. कुणी सांगितलं नव्हतं. “गिटार आली आणि हातच तयार नसला तर?” असं एकदा बोलून गेली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो स्वतः गिटार घेऊन घरी आला. शिसवीचा जांभळट तपकिरी रंग, साधं पॉलिश, नक्षी काही नाही. लेक बसली. ज्या जोडसुरापाशी पूर्वी तिचा हात अडायचा, पहिल्याच पडद्यावर एका बोटानं साऱ्या तारा दाबायच्या असतात, तो तिनं धरला. एक तार भणभणली. पुन्हा धरला. या वेळी सहाही तारा स्वच्छ बोलल्या. ती काही म्हणाली नाही, पुढं वाजवत राहिली. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. हे खिडकीशी जाऊन उभे राहिले, ते बराच वेळ वळलेच नाहीत.

चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. अर्ध्या तासानं मनगट थांब म्हणतं, आणि ती थांबते. खर्ज खरोखरच थोडा कमी आहे. महिन्याभरानं तिला तारा जरा उंच वाटल्या, तर तो कानस घेऊन आला, घोडीवरची पट्टी थोडी घासून गेला आणि पैसे घेतले नाहीत. वर्षभर वाजवल्यावर आवाज आणखी मोकळा होईल, असं सांगून गेला होता. तसा तो झाला आहे, असं अण्णांचं मत. माझ्या कानांना तितकं कळत नाही.

कुणाला असं वाद्य करवून घ्यायचं असेल, तर अनुभवावरून चार गोष्टी सांगते. कारागिरानं आधी केलेलं एखादं वाद्य, शक्यतो वर्ष-दोन वर्षं वापरलेलं, वाजवून पाहा. व्यवहार लेखी करा आणि पैसे टप्प्याटप्प्यानं द्या. ठरल्या वेळेवर दोन-तीन महिने जास्त धरूनच चला. वाद्य कुणाच्या वाढदिवसाला हवं असेल, तर दुकानातलं घ्या. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आपली अडचण लपवू नका. हात लहान असो, पाठ दुखत असो, नाहीतर खिशात पैसे कमी असोत, खरं सांगितलं तरच माप बरोबर बसतं. समोरचा माणूस कमी बोलतो की जास्त, यापेक्षा तो काय विचारतो तिकडे लक्ष द्या.

लेकीची जुनी गिटार पलंगाखाली पडून होती. शेजारचा नववीतला मुलगा शिकू लागला आहे, त्याला ती देऊन टाकली. त्याच्या लांब बोटांना ती अगदी बरोबर बसते.