बांधावरची घोणस

धाटाव या आमच्या गावी भातकापणी सुरू झाली की आजी विळा हातात घेण्याआधी बांधावर काठी आपटायची. "जनावराला वाट दे, मग हात घाल," एवढंच म्हणायची. काठीचा हादरा सापाला जमिनीतून कळतो, हे शास्त्र मला पुढे समजलं.

तिचं जनावर म्हणजे घोणस. मी ती प्रथम नीट पाहिली ती उडव्याच्या बुडाशी. जाडजूड अंग, पेंढ्यात मिसळून जाणारा रंग, पाठीवर काळ्या कडांच्या तपकिरी ठिपक्यांच्या तीन रांगा, आणि कुकरची वाफ सुटावी तसा लांबत जाणारा फुत्कार. ती जागची हलली नाही. मागे सरलो ते आम्ही.

पुढे कुंडलिका नदीकाठच्या कारखान्यात नोकरी लागली. भातशेतीच्या जागी शेड उभ्या राहिल्या, तरी घोणस गेली नाही. कुंपणालगतचं गवत, भंगाराचे ढीग, उष्ट्यावर पोसलेले उंदीर, तिला हवं ते सगळं तिथंही होतं. रात्रपाळीला मी बॅटरीशिवाय कधी निघालो नाही. ती माणसाच्या मागे येत नाही, उंदरामागे येते. आणि उंदीर आपल्या धान्यामागे.

घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते, तीही बहुधा पावसाळ्याच्या तोंडाशी. वीतभर पिल्लूही विषारीच. म्हणून लावणीतही सावध राहावं लागतं. तिच्या विषानं रक्ताची गोठण्याची शक्तीच जाते, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. दवाखान्यात रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. रक्त पातळच राहिलं तर विष भिनलंय. उतारा एकच, घोड्यांच्या रक्तापासून केलेली प्रतिसर्पविष लस. मुंबईची हाफकिन संस्था ती वर्षानुवर्षं बनवत आली आहे.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा संशोधकांचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी.

आता शेत मी बघतो. कापणीला येणाऱ्या प्रत्येकाला गमबूट देतो आणि बजावतो: दंश झाला तर घट्ट बांधू नका, चिरू नका, भगताकडे जाऊ नका. हातपाय हलवू नका, १०८ ला फोन करा आणि सरळ रुग्णालय गाठा. घोणस मारून बांध मोकळा केला तर उंदीर भात खातील. तिला बांध राहू दे, आपल्या माणसांचे पाय आपण सांभाळू.