मृगाआधीचं सरपण

मृग लागायच्या आत घरात बियाणं आणि सरपण आलंच पाहिजे, असा आमच्या आजीचा दंडक होता. बियाणं एखादा उसनं देईल. भर पावसात कोरडं जळण कोण देणार? बालाघाटाच्या कडेचं आमचं गाव, डोंगरावर झाडं कमी आणि कुसळंच जास्त. त्यामुळे जळण यायचं ते शेतातून आणि गोठ्यातून. पडवीत तुराट्या-पऱ्हाट्या रचलेल्या, परसात गोवऱ्यांचा हुडवा.

प्रत्येकाचं काम ठरलेलं. भाकरीला पऱ्हाटीचा चटकन होणारा जाळ, दूध तापायला गोवरीची धग. चुलीवर तवा असताना त्याच जाळावर बाजूच्या वैलावर कालवण शिजायचं. बाभळीचे ओंडके लग्नकार्यासाठी राखून ठेवलेले. बांधावरचं झाड ज्याचं त्याचं, पण खाली पडलेली वाळकी काटकी उचलेल तिची. ओल्या फांदीला कोयता लावलेला दिसला, तर म्हाताऱ्या बाया भर रस्त्यात पाणउतारा करायच्या. मयत झाली की न सांगता घराघरातून गोवऱ्या यायच्या.

या सगळ्यात धूरही होता. आजीचे डोळे कायम लाल, आणि मोळीला गेलेल्या पोरींची शाळा बुडायची. हायवेवरच्या हॉटेलांच्या पाट्यांवर आता ‘चुलीवरची भाकरी’ मिरवते. जन्मभर चूल फुंकलेल्या बाईनं त्या चवीचे गोडवे गायलेले मी तरी ऐकले नाहीत.

मग बैल गेले, ट्रॅक्टर आला आणि शेण आटलं. तूर यंत्रातून निघते, तिचा भुसा होतो. बोंडअळीच्या धास्तीनं पऱ्हाट्या रानातच बारीक करतात. बांध कोरून कोरून पायवाटेएवढे उरले, त्यावरच्या बाभळी कुठून राहणार? उरली ती वेडी बाभूळ. 2016 साली उज्ज्वला योजना आली, गॅसची टाकी घरोघर पोचली. धूर कमी झाला, हे मोठंच काम झालं. पण टाकी भरायला पैसे रोख लागतात, म्हणून आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं.

शेजारच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात हिवरे बाजार गावानं ग्रामसभेत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, गवत विळ्यानं कापून न्यायची मुभा ठेवली, आणि डोंगर पुन्हा हिरवा केला. आमच्याकडे म्हाताऱ्या बायांचा वचक गेला, त्या जागी ग्रामसभेचा ठराव मात्र आला नाही.

दिवाळीच्या सुमाराला अर्धं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जातं. टाकी घरात, दाराला कुलूप. कारखान्याच्या तळावर कोपीपुढं तीन दगड मांडतात. दिवसभर उसाच्या मोळ्या वाहून आलेली बाई अंधार पडायच्या आत सरपण शोधायला निघते. तिथले बांध परक्यांचे. वाळकी काटकी उचलली तरी मालक हटकतो.