आमचं भोकरदन, व्हाया पॉम्पेई

"कुठली गं तू?" पुण्यात नोकरीला लागल्यापासून हा प्रश्न मी शंभरदा टाळलाय. 'औरंगाबादजवळची' असं सांगून मोकळी व्हायचे. 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, मग 'संभाजीनगरजवळची' म्हणायला लागले. खरं उत्तर 'भोकरदन, जिल्हा जालना'. पण ते ऐकलं की समोरचा हमखास म्हणणार, "भोकर... काय?" आणि मग कँटीनच्या टेबलावर हशा.

ही खोड मोडली ती थेट इटलीत. ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे मिलानला होते. एका वीकेंडला ट्रेन पकडून नेपल्स गाठलं. पॉम्पेई पाहून झालं, मग तिथलं पुराणवस्तू संग्रहालय. आणि तिथं ती भेटली. हस्तिदंताची, साधारण 25 सेंटिमीटर उंचीची बाई. अंगभर दागिने, कपडा जवळपास नाहीच, दोन्ही बाजूंना दोन चिमुकल्या दासी. पॉम्पेईच्या एका घरात ती 1938 साली सापडली. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते शहर गडप झालं, म्हणजे ही बाई भारतातून त्याआधीच तिथं पोचलेली! डोक्यातून खाली भोक पाडलंय, त्यामुळे ती आरशाची मूठ किंवा फर्निचरचा भाग असावी असं मानतात. आधी तिला लक्ष्मी म्हणत, आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात.

रात्री हॉटेलवर सहज तिच्याबद्दल शोधत बसले, तर स्क्रीनवर चक्क आमच्या गावाचं नाव. तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती महाराष्ट्रात दोन ठिकाणी मिळाल्यात. एक धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि दुसरी भोकरदनला. ज्येष्ठ पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी तर पॉम्पेईची बाई भोकरदनच्या परिसरात घडली असावी, असं मत मांडलंय. सगळ्यांना ते पटत नाही बरं का. मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची. पण निदान वादात तरी आमचं गाव आहे!

दिवाळीला घरी गेले ती सगळं वाचूनच. भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. पुराणांतल्या दक्षिणेकडच्या प्रदेशांच्या यादीत अश्मकाच्या जोडीला हे नाव येतं. म्हणजे भोगवर्धन हा मुलूखही आणि त्याचं मुख्य नगरही. उज्जैनहून पैठणला जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचं. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत भोगवर्धनची माणसं आहेत. गंमत बघा, इथल्या राजाचं नाव कुणाला सांगता येत नाही, पण वर्गणी देणाऱ्यांची नावं दोन हजार वर्षं दगडात टिकलीत.

1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून इथं उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते हे त्याचे प्रमुख. सातवाहन काळातली नाणी, मणी आणि हस्तिदंती मूर्तीचा तो तुटका भाग त्यातच मिळाला.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात काकांना सांगितलं. ते सुपारी कातरत शांतपणे म्हणाले, "अगं, ती पांढर ना? आपल्या माळवदावर दरसाल माती कुठून यायची मग? गाडीच्या गाडी आणायचो आम्ही."

मी गप्पच झाले. पांढर म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. तिथली माती पाणी धरत नाही, म्हणून पावसाळ्याआधी धाब्यावर टाकायची. लहानपणी त्याच माळवदावर आम्ही झोपायचो. म्हणजे ज्या नगराचं नाव सांगायला मी लाजत होते, ते माझ्या डोक्यावरचं छप्पर होतं. आणि ते खणून खणून संपवण्यात आमच्या घराचाही हातभार होता. काकांना दोष कसा देणार? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चुलतभावाच्या बाइकवर केळणा नदीकाठी गेलो. खडकात कोरलेलं वैष्णव लेणं आहे तिथं, साधारण आठव्या शतकातलं. भाऊ इतकी वर्षं इथं राहून फक्त दुसऱ्यांदा आला होता. याच नदीच्या खालच्या अंगाला असई. 23 सप्टेंबर 1803 ला तिथं वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. येताना पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात डोळ्यांतून पाणी येईपर्यंत थांबलो. हस्तिदंत गेला, मिरची आली. व्यापार काही थांबला नाही!

सोमवारी ऑफिसात नवीन आलेल्या मुलीनं विचारलं, "तू कुठली?" म्हटलं, "भोकरदनची." तिनं विचारलं, "भोकर... काय?" मी खुर्ची ओढली. "बस. वेळ आहे ना?"

कसं जाल? जालन्यापर्यंत रेल्वे आहे. तिथून राजूरमार्गे एसटीनं किंवा गाडीनं दीडेक तास. वाटेत राजूरच्या गणपतीचं दर्शन घ्या. लेण्याकडे सकाळी जा, उन्हाळ्यात तर नक्कीच. आणि पांढर दिसली, तर माती तिथंच राहू द्या.