गोंदियाच्या पोरानं जंगल पायी कुठं बघायचं?

नागझिरा अभयारण्य झालं 1970 ला. जर्मनीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, बव्हेरियन फॉरेस्ट, तेही 1970 चंच. मी आमगावचा. सध्या डेगेनडॉर्फला मास्टर्स करतोय आणि तिथून हे उद्यान रेल्वेनं तासाभरावर आहे. दीड वर्षात दहा-बारा वेळा तरी गेलो असेन. नागझिऱ्यात आजवर दोनदा. त्यातही एकदा शाळेची सहल होती, म्हणजे बसच्या खिडकीतून.

विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न पैशाचा, म्हणून तेच आधी सांगतो. महिन्याचा रेल्वे-बसचा पास खिशात असतोच, गावातली बस आणि ही डोंगरातली छोटी गाडी त्याच पासात चालते. उद्यानात शिरायला तिकीट नाही. गेटच नाही, तर तिकीट कोण फाडणार! डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी. झाला रविवार.

300 किलोमीटरहून जास्त आखलेल्या पायवाटा आहेत. फाट्या-फाट्यावर छोटी पाटी, तिच्यावर एखाद्या प्राण्याचं किंवा पानाफुलाचं चित्र. आपण धरलेलं चित्र सोडायचं नाही, बस. भाषा न येणारा माणूसही चुकत नाही. पहिल्यांदा लुझेनच्या डोंगरावर (1373 मीटर) गेलो तेव्हा मला जर्मन म्हणजे 'नमस्कार' आणि 'किती पैसे' एवढंच येत होतं. माथ्याजवळ सगळे ग्रॅनाइटचे धोंडे, त्यांच्यातून दगडी पायऱ्या. सत्तरीच्या पुढच्या आज्या काठ्या टेकत माझ्या पुढं निघून गेल्या. उन्हाळ्याच्या मोसमात दिवसा तिकडच्या रस्त्यावर खाजगी गाड्या बंद असतात, उद्यानाची बस घ्यायची. मंत्री असो की मास्तर.

उतारावर हजारो वाळलेली झाडं उभी दिसतात. 1983 च्या वादळात झाडं पडली, मग सालीतल्या किड्यानं उभं जंगल खाल्लं आणि उद्यानानं ठरवलं की आतल्या भागात झाडं उचलायची नाहीत, जंगल आपलं आपण उठेल. भोवतालच्या गावांनी जोरदार विरोध केला. लाकडावर जगणारी गावं ती, करणारच! आज त्याच मेलेल्या खोडांमधून नवी झाडं उभी आहेत आणि त्याच गावांत लोक खोल्या भाड्यानं देतात. राग सगळा गेलाय असं नाही. पण ते जंगल आपल्या पायाखालचं आहे, हे त्या लोकांना माहीत आहे.

आता आपल्याकडं. नागझिऱ्यात पायी फिरू द्या, असं मी म्हणत नाही. तिथं वाघ आहे. मे 2023 मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून सोडल्या, त्या काही आपल्या सेल्फीसाठी नाही. बव्हेरियात लिंक्स आहे, तो दिसला तर नशीब, माणसाला काही करत नाही. दोन्हींची तुलनाच होत नाही, हे मलाही कळतं.

पण 2013 ला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून आपल्या पोरांच्या डोक्यात जंगल म्हणजे जिप्सी, असं समीकरण पक्कं झालंय. जिप्सीचं भाडं, प्रवेश, गाईड, सगळं सहा जणांत वाटलं तरी धानाच्या बांधीत मजुरी करणाऱ्या घराला ते जमत नाही. चोरखमाऱ्याच्या गेटवर नागपूर-मुंबईच्या गाड्या असतात. शेजारच्या गावातल्या पोराला जंगल माहीत असतं ते रात्री धान खाणारं डुक्कर आणि 'मोहाले सांभाळून जा' म्हणणारी आई, एवढ्यापुरतं.

आणि हाच तो जिल्हा, जिथं मारुती चितमपल्ली नवेगावबांधला राहिले आणि माधवराव पाटील डोंगरवारांसोबत पायी हिंडून पक्षी शिकले. माडगूळकरांनी 'नागझिरा' लिहिलं तेही तिथं मुक्काम ठोकून. ती माणसं दोन तासांच्या सफारीत घडली नसती.

वाघाच्या कोअरबाहेर आपल्याकडं काय कमी आहे? कचारगड घ्या. माघ पौर्णिमेला कितीतरी राज्यांतून लाखो गोंड बांधव धनेगावहून डोंगर चढून त्या प्रचंड गुहेपर्यंत जातात. देशातली एवढी मोठी चालण्याची परंपरा आपल्या सालेकसा तालुक्यात आहे, आणि उरलेलं वर्ष? आमच्याच गल्लीतल्या काकू म्हणाल्या, "तिथं काहून जातं बाबू, काय ठेवलं हाये?" देवस्थान आहे, त्यामुळं तिथं काही करायचं तर आधी त्या समाजाला विचारून, त्यांच्या म्हणण्यानं. नुसत्या वाटेच्या पाट्या, पाणी आणि कचऱ्याची सोय झाली तरी पुष्कळ. सिमेंटच्या पायऱ्या आणि प्लास्टिकचा गोरिल्ला नको, हात जोडतो.

हाजरा फॉल तर दरेकसा स्टेशनच्या जवळच. तिथं गावातली पोरं-पोरी वन समितीमार्फत पर्यटन सांभाळतात. म्हणजे मॉडेल बाहेरून आणायची गरज नाही. नवेगावचा तलाव कोलू पाटील कोहळींच्या काळापासून आहे, काठानं पहाटे पक्षी बघत चालायला गाईडसह एक ठरलेली वाट का नसावी? या पट्ट्यात जायला भीती होती, ती माओवाद्यांची. 2025 च्या अखेरीस त्यांनी गोंदिया पोलिसांपुढं शस्त्रं ठेवली. ते कारणही आता उरलं नाही.

माझी मागणी साधी आहे. कोअर सोडून जिल्ह्यात चार-पाच पायवाटा आखा. वाटाडे त्याच गावचे, पैसे ग्रामसभेच्या खात्यात. पावसाळा संपला की रविवारी आमगाव-सालेकसाहून एक एसटी. आणि जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेची वर्षातून एक सहल तिथं, पायी.

डिसेंबरात सुट्टीवर येतोय. दरेकसा स्टेशन ते हाजरा फॉल ते कचारगड अशी डोंगरातली जुनी पायवाट कुणाला पाठ असेल, विशेषतः धनेगावकडच्या दादा-काकांना, तर कमेंटमध्ये लिहा. गावच्या लोकांना विचारून, त्यांनाच सोबत घेऊन आधी चालून बघू. नकाशा मी काढतो.