परीचा बिल्ला

केळशीच्या त्या घरात त्याला ‘परीचा बिल्ला’ म्हणत. पितळेसारखा दिसणारा, पंख पसरलेली बाई कोरलेला. फडताळात अडकित्त्याशेजारी तो वर्षानुवर्षं पडून असे. भातुकलीत त्याची ताटली होई.

मे महिन्यात मुंबईहून आलेल्या पणतीनं तो चिंचेनं घासला. (पदकांचे जाणकार कपाळावर हात मारून घेतील!) कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं उमटली: क्रमांक, ‘सेपॉय’, पणजोबांचं नाव आणि ‘११७ मराठाज’.

परी म्हणजे विजयदेवता. पहिल्या महायुद्धानंतर वाटलेलं हे ब्राँझचं विजयपदक. ११७वी मराठा पलटण मेसोपोटेमियात लढली. डिसेंबर १९१५ मध्ये कुत अल् अमाराच्या वेढ्यात १०३व्या आणि ११०व्या मराठा पलटणींसोबत तीही अडकली. दाणागोटा संपत आला तशी घोडी मारून शिपायांना खायला घातली जाऊ लागली. हिंदी शिपायांतल्या अनेकांनी ते मांस बरेच दिवस नाकारलं. २९ एप्रिल १९१६ला सुमारे १३,००० जण तुर्कांच्या हाती लागले; कित्येकांना पुढे रास अल् ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं.

पणजोबा त्यांत होते का? कडेवर पलटण लिहिलेली असते, वेढा नाही. शिवाय पलटणीत मागाहूनही भरती झाली होती.

आत्या म्हणाली, “आजोबा बसऱ्याला गेलेले, एवढंच ठाऊक. ‘तिथं काय खायचात हो?’ असं आम्ही विचारलं, की पानावरून उठायचे. मग आजी आम्हालाच रागवायची.”

हे कुठल्या लष्करी दप्तरात सापडायचं नाही.

लढणाऱ्या शिपायाला या पदकाबरोबर बहुधा चांदीचंही एक मिळे. त्यावर एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. पणतीनं त्याची चौकशी केली.

“घोड्याचा ना? तो मोडला,” आत्या सुपारी कातरता कातरता म्हणाली. “आजोबांनीच सोनाराकडे दिला. तुझ्या बाबाच्या बारशाला वाळे केले त्याचे. ही परी कोण घेतंय? म्हणून राहिली.”

तेच वाळे पुढे पणतीच्याही पायांत आले होते. बारशाच्या फोटोत दिसतात. संध्याकाळी रेंज शोधत ती महालक्ष्मीच्या देवळापर्यंत गेली आणि आईला फोन लावला.

“आई, माझे वाळे आहेत ना गं? मोडले नाहीस ना?”