रानाच्या तोंडाशी

"काका, तुम्ही इथले कोण?"

मुंबईहून आलेल्या एका मुलाने बाईक स्टँडवर लावता लावता विचारलं. श्रावणातला रविवार होता. चिरनेरच्या अक्कादेवी बंधाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर मी गोणपाट घेऊन उभा होतो. अंगावर खाकी नाही, गळ्यात ओळखपत्र नाही, समोर चहाची टपरी नाही. मी म्हटलं, "उरणचा." तेवढ्यावर तो पुढे गेला, मी मात्र त्याच्या प्रश्नापाशी घुटमळत राहिलो.

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, उरणपर्यंत लोकलही आली. मुंबईकरांना आमचं रान एकदम जवळचं झालं. ते येतात याचा मला आनंद आहे. बारा महिने डांबर बघणाऱ्या माणसाने पावसात एकदा तरी ओल्या सागाखाली उभं राहावं. त्याला कुठला दगड शेवाळलेला आहे, बाटल्या परत कुठे आणून द्यायच्या, स्पीकर पिशवीतच का राहू द्यायचा, हे सांगायला वाटेवर कुणीतरी हवं. पाटीने हे काम होत नाही. पाटीवर मनाई असते आणि दंड असतो. काकड्यांची पाटी घेऊन बसणारी म्हातारी मात्र ओरडते, "खाली जाव नको रं पोरा, पानी वारलाय!" आणि पोरं थांबतात. तिला कुणी नेमलेलं नाही.

अमेरिकेत या कामाला रीतसर जागा आहे. तिथल्या सरकारी जंगलांत तंबू ठोकायचे तळ असतात आणि पुष्कळ तळांवर उन्हाळाभर एखादं निवृत्त जोडपं आपली घरगाडी लावून राहतं. जागेचं भाडं नाही, बहुधा पगारही नाही. आलेल्यांचं स्वागत करायचं, तळ झाडायचा, रात्री शेकोट्या विझल्या का ते बघायचं. जंगलखात्याला असे स्वयंसेवक घेता यावेत म्हणून १९७२ साली तिथे खास कायदा झाला. हे वाचताना मी अडखळलो तो एका बारक्या तपशिलावर. कितीतरी तळांवर याच माणसाकडे सरपणाच्या मोळ्या विकत मिळतात. बाहेरचं लाकूड आणू नका, त्यातून झाडांची कीड येते, इथली मोळी घ्या.

मोळी!

२५ सप्टेंबर १९३०, गुरुवार. चिरनेर आणि भोवतालच्या गावांतली माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन याच अक्कादेवीच्या डोंगरात शिरली. १९२७ च्या जंगल कायद्याने रान सरकारी होतं आणि त्यांना झाडं तोडून तो कायदाच मोडायचा होता. गोळीबार झाला. नवश्या महादेव कातकरी, रामा बामा कोळी, आलू बेमट्या म्हात्रे... आठ हुतात्म्यांची नावं चिरनेरला घेतली जातात आणि दर २५ सप्टेंबरला पोलीस त्यांना मानवंदना देतात. मी ती नावं सावकाश वाचतो. कातकरी, कोळी, म्हात्रे, पाटील. ज्यांच्या चुली या डोंगरावर पेटत होत्या, ते आपल्याच घरात चोर ठरले होते. म्हणून या वाटेवर कुणाला "या" म्हणायचा पहिला मान चिरनेरकरांचा आहे असं मी मानतो. मी त्यांच्या परवानगीने उभा असतो.

आणि माणसांना उघड्यावर, विस्तवाभोवती बोलवायचं कसं हे आमच्या आगरी खारेपाटाला कुणी शिकवायची गरज नाही. भाताची कापणी झाली की जमिनीतल्या ओलीवर वाल टाकतात. थंडी पडते, शेंगा भरतात आणि पोपटीचे, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायचे, दिवस येतात. मडकं मातीचंच हवं. बांधावर माजलेला भांबुर्डा उपटून आणायचा. या पाल्याचा वास उग्र, गुरं त्याला तोंड लावत नाहीत, पण विस्तवावर त्याचं काय होतं ते मडकं उघडल्यावर कळतं. तळाला पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मग बटाटे, रताळी, अंडी. कुणी मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात गुंडाळून मधोमध ठेवतात. मला शेंगा आणि अंडीच आवडतात. कोंबडी आली की सगळे तिच्याच मागे लागतात आणि शेंगेची गोडी राहून जाते. पाण्याचा थेंब घालायचा नाही. तोंडाशी पुन्हा भांबुर्डा गच्च कोंबायचा, मडकं पालथं घालायचं, भोवती शेणी, पेंढा, काटक्या रचून पेटवायचं. अर्ध्या तासाने कुणीतरी जाणतं माणूस मडक्यावर पाणी शिंपडतं. चर्र करून ते क्षणात उडालं, की काढा. सुपात किंवा केळीच्या पानावर ओतलं की वाफ सगळ्यांच्या तोंडावर येते आणि नव्या पाहुण्याच्या हातात पहिली शेंग जाते. हे कुणी ठरवलेलं नाही, पण मी दुसरं काही होताना पाहिलेलं नाही. विस्तव लावणाराच शेवटी राख विझवून घरी जातो, बाकीचे गेले तरी.

पोपटी शेतातच लावावी, रानात नाही. कापलेल्या शेतात ठिणगी उडाली तर एक पाय पुरतो. फाल्गुनातल्या वाळल्या पाल्यात तीच ठिणगी डोंगर घेऊन जाते. रानात मुक्कामाला येणाऱ्यांना मी हे हात जोडून सांगतो.

हल्ली फार्महाऊसवर वाल नसतानाही, गॅसवर शिजवलेली पोपटी मिळते. ती चांगली असेल, पण पोपटीला थंडी लागते, शेत लागतं आणि वाट बघायला चार माणसं लागतात. शेंगा भरल्या की या. मडकं मी चिरनेरच्या कुंभारांकडून आणून ठेवतो, भांबुर्डा तुम्ही उपटा.