वरचा पंखा बंद पडला तर?

ॲबर्डीनमध्ये राहून हेलिकॉप्टरबद्दल न बोलणं म्हणजे नाशकात राहून द्राक्षांबद्दल न बोलण्यासारखं आहे. नॉर्थ सीमधल्या तेलाच्या प्लॅटफॉर्म्सवर जाणारी माणसं इथूनच उडतात. माझं काम तसं प्रयोगशाळेतलं, फिरणाऱ्या यंत्रांच्या कंपनांवरून बिघाड ओळखण्याचं (पीएचडी पण त्यातच उरकली). पण वर्षातून एक-दोनदा सेन्सर बसवायला प्लॅटफॉर्मवर जावं लागतं, आणि त्याआधी बाबांचा ठरलेला फोन येतो. "अरे, विमानाचं इंजिन बंद पडलं तर ते तरंगत तरी येतं. हेलिकॉप्टरचा वरचा पंखा बंद पडला तर दगडासारखं खाली येईल ना?"

तर मंडळी, नाही येत. इंजिन बंद पडलं म्हणजे पंखा बंद पडला असं नसतं. मध्ये फ्रीव्हील असतं. सायकलचं पेडल मारायचं थांबवलं तरी चाक फिरत राहतं ना, तसंच. वैमानिक डाव्या हाताचा दांडा झटकन खाली करतो, पात्यांचा कोन कमी होतो आणि खालून येणारी हवाच पंखा फिरवत ठेवते. जत्रेतलं भिरभिरं आठवा. जमीन जवळ आली की पंख्यात साठलेला वेग खर्च करून अलगद टेकायचं. याला ऑटोरोटेशन म्हणतात, आणि प्रत्येक हेलिकॉप्टर वैमानिकाला ते शिकावंच लागतं. शिवाय आम्ही जातो त्या हेलिकॉप्टरांना इंजिनं दोन असतात.

विमानाबद्दल मात्र बाबांचं बरोबर आहे. ऑगस्ट २००१ मध्ये एअर ट्रान्सॅटच्या ए३३० विमानाचं इंधन अटलांटिकवर संपलं, तर ते दोन्ही इंजिनं बंद असताना सुमारे १९ मिनिटं तरंगत अझोर्स बेटांवर जाऊन उतरलं. ३०६ च्या ३०६ माणसं वाचली. हेलिकॉप्टरला एवढी चैन नाही. २००० फुटांवरून मिनिट-दीड मिनिटात खेळ आटोपतो. पण त्याला धावपट्टी लागत नाही, एखादं मैदान पुरतं. (समुद्रात मैदान नसतं, हे मी बाबांना सांगत नाही.)

मला विचाराल तर इंजिनाची भीती चुकीच्या जागी आहे. भीती बाळगायची तर इंजिन आणि पंखा यांच्या मधल्या गिअरबॉक्सची. सुपर प्यूमा या हेलिकॉप्टरमध्ये मिनिटाला सुमारे २३ हजार फेऱ्या गिअरबॉक्समध्ये शिरतात आणि वर पंख्याला मिळतात २६५. विमानाचा पंख बिचारा जागचा हलत नाही. त्यात एका ठिकाणी तडा गेला तरी भार शेजारच्या भागांनी उचलावा अशी रचना करता येते. हेलिकॉप्टरचा पंख सतत फिरतो, आणि सगळं वजन एकाच शाफ्टला लटकलेलं. त्याला जोडीदार नाही.

१ एप्रिल २००९ ला ॲबर्डीनकडे परतणाऱ्या सुपर प्यूमाच्या गिअरबॉक्समधलं एक गिअर फुटलं, पंखा सुटून गेला आणि १६ जण गेले. आठवडाभर आधी तेलातल्या चुंबकाला धातूचा एक कण चिकटलेला सापडला होता. म्हणजे यंत्र काहीतरी सांगत तरी होतं. २९ एप्रिल २०१६ ला नॉर्वेत बर्गनजवळ त्याच घराण्यातलं पुढचं मॉडेल पडलं, १३ जण गेले. पुन्हा तसंच गिअर. या वेळी ना दखल घेण्यासारखा कण, ना कंपनांत फरक. एका सूक्ष्म खड्ड्यातून निघालेला तडा पृष्ठभागाखालून गुपचूप वाढत गेला होता. २०१८ मध्ये तो अहवाल आला तेव्हा मी पीएचडीच्या मधोमध होतो. आमचा धंदाच यंत्राचं ऐकण्याचा, आणि इथे ऐकण्यासारखं काही नव्हतंच! दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही.

असो. "विमान जास्त सेफ" हे खरंच आहे, पण तुलना एसटी आणि ॲम्ब्युलन्सची आहे. विमान मोठ्या धावपट्टीवरून उडतं, ढगांच्या वर जातं, दुसऱ्या धावपट्टीवर उतरतं. हेलिकॉप्टरला बोलावतातच मुळी जिथे दुसरं काही पोचत नाही तिथे: खाली, धुक्यात, वाऱ्यात, लोखंडी डेकवर. (जुहूहून मुंबई हायला जाणाऱ्यांना हे मी काय सांगणार!) ऑगस्ट २०१३ मध्ये शेटलंडला सम्बर्गजवळ जे समुद्रात आपटलं, त्याचं यंत्र ठणठणीत होतं. उतरताना ढगात वेग कमी होत गेला आणि ते वेळेत लक्षात आलं नाही. १८ पैकी ४ गेले.

त्यानंतर इथे नियम बदलले. आता जाकिटात श्वास घ्यायला हवेची छोटी बाटली असते. आणि २०१५ पासून खांदे मोजतात. २२ इंच किंवा जास्त भरले तर मोठ्या खिडकीपाशीच बसायचं, कारण छोट्या खिडकीतून तुम्ही बाहेर निघणार नाही. प्रशिक्षणात खोटी केबिन तरणतलावात बुडवून उलटी करतात. एक हात खिडकीच्या चौकटीवर, दुसरा पट्ट्याच्या बकलवर, नाकात पाणी, आणि वर कुठे ते कळत नाही. चौकटीवरचा हात सोडला की संपलं.

माझे खांदे भरले साडेसतरा इंच. मला कुठेही बसवतात.